वरची पॉलिसी

माझ्याबरोबरच निवृत्त झालेला आमच्या बँकेतला एक सहकारी मोठ्या आजारातून उठून घरी आला होता. त्याला भेटायला म्हणून मी गेले आणि तिथून जी अस्वस्थता घेऊन आले, ती पुढं कितीतरी आठवडे अंगातून गेली नाही.

माणूस तसा बरा होता. फुफ्फुसात संसर्ग होऊन बरेच दिवस अतिदक्षता विभागात काढून आलेला. गाल आत गेले होते, पण बोलण्यातली मिश्किली तीच. उशीला टेकून तो मला सांगत होता, की पायात जरा बळ आलं की फुलेवाडीच्या पुढं घेतलेल्या प्लॉटवर दोन खोल्या काढायच्या. पुढं मोकळी जागा ठेवायची, मागं शेवग्याचं झाड लावायचं. त्याची बायको चहा घेऊन आली, कप ठेवले आणि माझ्याकडं न बघताच आत गेली. रिकामा कप ठेवायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेले, तर ती ओट्याला धरून उभी होती.

"प्लॉट विकला," ती हळू आवाजात म्हणाली. "बँकेची पॉलिसी मध्येच संपली. हे तेव्हा शुद्धीत नव्हते. अजून सांगितलं नाही मी. रोज त्या प्लॉटावर झाड लावत बसतात. तुम्हीच सांगा, कसं सांगू?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बाहेर येऊन पुन्हा शेवग्याच्या झाडाबद्दल ऐकत बसले. निघताना तो म्हणाला, "मॅडम, वास्तूला यायचं हं." मी हो म्हणाले.

घरी आले, साडी न बदलताच कपाट उघडलं आणि आमच्या पॉलिसीचे कागद काढले. बँकेतून निवृत्त झालेल्यांना मिळते तीच पॉलिसी माझीही होती. नवरा-बायको दोघांना मिळून एक ठरावीक रक्कम. तेवढ्यात भागलं तर भागलं. रक्कम संपली की पुढचा खर्च ज्याचा त्यानं बघायचा. त्यावर आणखी एक पॉलिसी घेता येते. पहिलीची रक्कम संपली की दुसरी सुरू होते. तिला टॉप-अप म्हणतात. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ओट्याला धरून उभी असलेली बाई बघणं वेगळं.

माझे यजमान उद्यमनगरातून आले, तेव्हा मी कागद पसरूनच बसले होते. कोल्हापुरातल्या त्या कारखान्यांच्या वस्तीत त्यांचं लेथ मशीनचं छोटं शेड होतं. सगळा जन्म त्यांनी लोखंड कातण्यात घालवला. दोन वर्षांपूर्वी शेड भाड्यानं दिलं, पण सकाळी डबा घेऊन तिथं जायची सवय काही सुटली नाही. भाडेकरूच्या कामात नाक घालायचं, दुपारी तिथंच जेवायचं, संध्याकाळी परत. त्यांना पेन्शन नाही. दवाखान्याचं जे काही आहे ते माझ्या बँकेचं.

मी सहकाऱ्याची सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "आपण वरची एक पॉलिसी घेऊया."

त्यांनी पायातले बूट काढले, नीट भिंतीला लावून ठेवले. "कशाला? मला काय झालंया? घोड्यागत हाय मी."

"तोही घोड्यासारखाच होता."

"अगं, पर आजार व्हायच्या आधीच आजाराची वर्गणी भरायची व्हय? आवतान दिल्यागत हुतंय ते."

मी वाद घातला नाही. त्यांच्या अशा बोलण्याची मला सवय होती. माझा समज झाला, की हप्त्याचा प्रश्न असणार. म्हातारपणी हप्ता जबर असतो, आणि दरवर्षी वाढतोच. शिवाय काहीच झालं नाही तर तो गेला तो गेलाच. हे मलाही खुपत होतं. म्हणूनच तर ठरत नव्हतं.

ते ठरत नसलेले दिवस फार विचित्र गेले. सकाळी उठले की वाटायचं, घेऊन टाकू. दुपारी वाटायचं, नको, तेवढे पैसे बाजूला टाकत गेलो तरी होईल. संध्याकाळी कुणीतरी कुणाच्या तरी ऑपरेशनची बातमी सांगायचं आणि पुन्हा सकाळचं मत खरं वाटायला लागायचं. भाजी निवडता निवडता उठून मोबाइल हातात घ्यायची, चार कंपन्यांचे नियम वाचायची, पाचवा वाचेपर्यंत पहिला विसरायची. कुठल्या आजाराला किती वर्षं थांबायचं, कुठला धरत नाहीत, खोलीचं भाडं किती देणार. वाचून झालं की गॅलरीत जायची, गॅलरीतून आत, आतून पुन्हा बाहेर. एकदा यजमान ताटावर बसले होते आणि मी आमटी वाढायची सोडून त्यांच्याकडं बघत राहिले. हे पडले तर काय, मी पडले तर काय, असं मनात चाललेलं.

"वाड की," ते म्हणाले. "का आमटीलाबी पॉलिसी काढाय लागती?"

पुण्याहून लेकीचा फोन यायचा. तिचं म्हणणं सरळ होतं. "आई, तू एवढी वर्षं बँकेत काढलीस आणि अजून विचारच करतेस? घेऊन टाक. बाबांना मी बोलते." ती बाबांशी बोलायची, बाबा "व्हय, व्हय, बघू की" म्हणायचे आणि फोन माझ्याकडं द्यायचे.

बँकेमार्फतही टॉप-अप मिळायचा. पण तो साल दर साल महाग होत चालला होता आणि पुढच्या वर्षी तो असेल का, याची खात्री कुणी देत नव्हतं. म्हणून मी बाहेरच्या कंपनीचा बघत होते. आमच्याच शाखेतला एक जण, मूळचा मुरगूडचा, मुदतीआधी निवृत्ती घेऊन विम्याचं काम करायचा. त्याला घरी बोलावलं. रविवार होता, त्यामुळं यजमानही होते.

त्यानं सगळं नीट समजावलं. माझा वाढदिवस तोंडावर आला होता. तो उलटला की वयाचा टप्पा बदलणार आणि हप्ता चढणार. तेव्हा करायचं तर त्याआधी. वय जास्त म्हणून दोघांची तपासणी होणार, रक्त, लघवी, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी, आणि ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर चालायची चाचणी. कंपनीच्याच खर्चानं.

"आता थोडी माहिती विचारतो दादा," तो यजमानांना म्हणाला. "तंबाखू?"

"न्हाय."

"आधीचं काही दुखणं? ऑपरेशन?"

"बोटाला टाकं पडल्यात. मशिनीवर."

"आई-वडील, भाऊ-बहीण, कुणाला हृदयाचा त्रास?"

यजमान उठले. "चहाला दूध हाय का बघतो," म्हणाले आणि चप्पल घालून जे गेले, ते तो माणूस उठून जाईपर्यंत आलेच नाहीत. दूध फ्रिजमध्ये होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं. त्यांचा थोरला भाऊ हृदयविकारानं गेला होता. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी मलकापुरात होते, त्यामुळं मला त्याची फक्त बातमी ठाऊक होती. त्यापलीकडं त्याबद्दल घरात कधीच बोलणं झालं नव्हतं.

ते आल्यावर मी विचारलं, "घ्यायची ना पॉलिसी?"

"तुझ्या जिवाला घोर लागलाय न्हवं? घे जा."

"तपासणीला यायला लागेल."

"येतो की."

तपासणी राजारामपुरीतल्या एका केंद्रात होती. उपाशीपोटी जायचं होतं. ते म्हणाले, शेडात जरा काम आहे, तू रिक्षानं हो पुढं, मी स्कूटरवरनं थेट येतो. मी पोहोचले. दोघांची नावं सांगितली. तिथली मुलगी म्हणाली, "काका आले की एकदमच सुरू करू." आम्ही थांबलो. फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, बंदच. शेवटी तिनं माझं रक्त घेतलं, छातीची पट्टी काढली. मी प्रत्येक वेळी दाराकडं बघत होते. काचेच्या दारातून स्कूटर दिसली की मान वर व्हायची.

मग मला पट्ट्यावर उभं केलं. छातीला वायरी चिकटवल्या. पट्टा सरकायला लागला, मी चालायला लागले. सुरुवातीला गंमत वाटली. मग पट्टा चढाचा झाला आणि वेग वाढला. माझं लक्ष अजूनही दाराकडंच होतं.

"मॅडम, छातीत काही होतंय?"

"नाही."

"दम लागतोय?"

"लागणारच की. ह्यांचा पत्ता नाही अजून."

ती हसली नाही. पडद्याकडं बघत होती. तिनं डॉक्टरांना हाक मारली, त्यांनी एकवार पाहिलं आणि पट्टा थांबवला. "आज एवढंच पुरे," ते म्हणाले. "रिपोर्ट कंपनीला जाईल. पण तुम्ही तुमच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर ते शब्द कानावर पडले, पण आत गेले नाहीत. माझ्या डोक्यात एकच, हा माणूस गेला कुठं? रिक्षा केली आणि थेट उद्यमनगर गाठलं. शेडात भाडेकरू एकटाच. मला बघून त्यानं मशीन बंद केलं.

"सकाळीच गेलं की वैनी. स्कुटर हितं लावली आन् म्हणालं, नेसरीला जाऊन येतो."

नेसरीला त्यांच्या मोठ्या बहिणीला दिलेलं. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. संध्याकाळी तिचाच फोन आला.

"हितं हाय त्यो. बोलत न्हाय, जेवला न्हाय. तुमचं काय भांडाण झालंया का?"

"नाही हो आक्का."

"मग तू ये उद्या. माझ्यानं काय ह्येचं त्वांड उघडत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी धरली. गडहिंग्लजला गाडी बदलली. सगळ्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस उभा होता आणि मी मनातल्या मनात भांडत होते. एक माणूस साध्या रक्ततपासणीला घाबरून पळतो, तोही या वयात. मला एकटीला तिथं बसवून. बोलायचं ते सगळं मी जुळवून ठेवलं होतं. खिडकीशेजारची बाई म्हणाली, "काय झालंय ओ, सारखं उठताय, बसताय?" मला ते कळलंच नव्हतं.

आक्काच्या परसात भुईमुगाच्या वेलांचा ढीग पडला होता. आक्का आणि यजमान समोरासमोर बसून शेंगा तोडत होते. मला बघून ते उठले नाहीत, खाली बघून शेंगा तोडत राहिले. आक्कानं मला पाणी दिलं, पाट सरकवला.

मी जुळवलेलं काहीच बोलले नाही. एवढंच म्हणाले, "मी दाराकडं बघत होते."

त्यांनी ढिगातला आणखी एक वेल ओढून घेतला. मग ते शेंगांकडं बघतच बोलायला लागले.

"दादाला मीच नेलतं. कारखान्यानं तपासणीचं शिबिर लावलंतं. त्यो म्हणत होता, मला काय झालंया. मीच म्हणालो, चल, फुकाट हाय, बघून घिऊ. सकाळी दोगांनी मिसळ खाल्ली. स्कुटरवरनं उडी मारून उतारला त्यो. पट्टी काढली आन् म्हणालं, आत्ताच्या आत्ता भरती करा. आट दिस झालं न्हाईत, आन् मी त्येला गाडीत आडवा घालून आनला." त्यांनी हातातली शेंग टाकली. "त्येला तवर काय सुदीक न्हवतं गं. काय सुदीक. चालत गेलता."

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मिसळीचं, उडी मारून उतरल्याचं. इतकी वर्षं ते डोकं दुखलं तरी गोळी घेत नव्हते. त्याला मी कोल्हापुरी ताठा समजत होते.

"तपासलं न्हसतं तर जगला आसता, आसं वाटतंय तुला?" आक्कानं विचारलं.

"व्हय."

मला वाटलं, आक्का आता त्यांची समजूत काढेल. ती म्हणाली, "मलाबी कवा कवा तसंच वाटतंय. खरं काय ते द्येवाला ठावं. पर हिला तिथं एकटीला बशीवलंस आन् हितं येऊन शेंगा तोडतोस, हे काय बरं न्हाय बग."

तेवढ्यात माझा फोन वाजला. विम्याचं काम बघणारा आमचा जुना सहकारी होता. मी उठून नळापाशी गेले. तो अडखळत बोलत होता. कंपनीनं माझा अर्ज थांबवला होता. पट्ट्यावरच्या चाचणीत हृदयाला रक्त कमी पडतंय असं दिसत होतं. पुढच्या तपासण्या होऊन उपचार झाल्याशिवाय ते विचार करणार नव्हते, आणि नंतरही करतील असं त्याला वाटत नव्हतं.

"मॅडम, पॉलिसीचं सोडा," तो म्हणाला. "तुम्ही आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका."

आता मला पट्टा आठवला, त्या मुलीचा न हसणारा चेहरा आठवला, आणि काही महिन्यांपासून आमच्याच जिन्यावर दुसऱ्या मजल्यापाशी मी पिशव्या खाली ठेवून थांबायची, तेही आठवलं. पिशव्या जड असतात असं मी धरून चालले होते. नळ थेंब थेंब गळत होता. मी तो घट्ट बंद केला, तरी गळतच राहिला, मग पुन्हा बंद केला.

वळले तर यजमान मागं उभे होते. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काय समजायचं ते समजलं असावं.

"कुणाचं? माझं तर काय काडलंच न्हाय."

"माझं," मी म्हणाले.

ते तिथंच नळाजवळच्या दगडावर बसले. मग लगेच उठले. आत गेले, शर्ट घातला, आक्काला म्हणाले, "आमी निगतो." आक्का भाकरी बांधून देत होती, तेवढंही थांबवेना त्यांना. परतीच्या गाडीत त्यांनी माझी पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी जरा आदळली की माझ्याकडं बघायचे. मला तर काहीच होत नव्हतं. उलट येतानापेक्षा मी शांत होते. आता त्यांना बसवत नव्हतं.

पुढचे दिवस भराभर गेले. डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी करू. ते ऐकताना यजमानांनी खुर्चीचा हात असा धरला होता, की मला वाटलं, हे आता उठून पळतात. पळाले नाहीत. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून राहिले. नवरात्राचे दिवस होते, लेक पुण्याहून आली होती. तीच मला नंतर सांगत होती, की मला आत नेल्यावर बाबा एका जागी म्हणून बसले नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होते आणि दिसेल त्या नर्सला विचारत होते, "चालत गेल्या आत. चालत येतील न्हवं?" एका नर्सनं त्यांना रागावून खुर्चीवर बसवलं.

एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा होता. तिथंच स्टेंट घातला. मी शुद्धीतच होते. डॉक्टर एकमेकांशी क्रिकेटबद्दल बोलत होते, ते मला आठवतं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डातल्या वॉर्डात चार पावलं चालले, तेव्हा यजमान माझ्यापुढं उलटे चालत होते, लहान मुलाला चालायला शिकवताना चालतात तसे. खर्च बँकेच्या पॉलिसीत बसला. डॉक्टर निघताना म्हणाले, वेळेवर आलात. ते ऐकून यजमान खिडकीबाहेर बघायला लागले. मीही त्यांच्याकडं बघितलं नाही. त्या वाक्याचा त्यांच्या दादाशी काही संबंध लावायचा की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं.

मी घरी आल्यावर थोड्या दिवसांनी एका सकाळी ते डबा न घेताच बाहेर पडले. मला वाटलं, विसरले. दुपारी आले आणि दंडावरचा कापसाचा बोळा मला दाखवला. "दिलं रगात. पट्ट्यावरबी चाललो. ती पोरगी म्हणाली, काका, बास करा आता, किती चालताय."

त्यांचं सगळं चांगलं निघालं. साखर जराशी वर, बाकी काही नाही. कंपनीनं त्यांचा अर्ज मंजूर केला. माझा नाकारला. म्हणजे ज्या बाईनं आठवडे न् आठवडे जीव खाल्ला तिला पॉलिसी नाही, आणि जो पळून गेला त्याला मिळाली. मी हसले. त्यांना हसू आलं नाही.

"मला एकट्याला नको."

"अहो, मिळतेय तर घ्या की."

"कशाला? तू पडलीस आन् पैसं न्हाईत म्हटल्यावर माझ्या पॉलिसीची काय पूजा घालू? दोगांची आसंल तर घिऊ. न्हाय तर राहू दे."

त्यावर आमचं जोरात भांडण झालं. मी म्हणत होते, हा हिशेब भावनेचा नाही. ते म्हणत होते, मग कशाचा हाय? लेक फोनवरून मध्ये पडली, तर दोघांनीही तिला गप्प बसवलं. मला राग येत होता आणि आतून कुठंतरी बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचा पुन्हा राग येत होता. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

दिवाळीच्या आधी बँकेच्या पॉलिसीचं नूतनीकरण आलं. सोबत टॉप-अपचा पर्याय. तपासणी नाही, विचारपूस नाही, बँकेतून निवृत्त झालेल्या सगळ्यांना खुला, स्टेंट असो नाहीतर आणखी काही. हप्ता मात्र गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला. शिवाय पुढच्या वर्षी तो मिळेलच असं कुठं लिहिलेलं नाही. पूर्वी याच कारणांनी मी तो बाजूला टाकला होता. आता माझ्यासाठी तेवढं एकच दार उघडं होतं. तरीही मी शेवटच्या दिवसांपर्यंत थांबले. आता तर एकदा होऊन गेलं, स्टेंट बसला, एवढ्यात पुन्हा काय होणार, असंही वाटायचं. आणि लगेच त्याच्या उलट वाटायचं.

एका दुपारी यजमान शेडातून लवकर आले. मी मोबाइल घेऊन टेबलाशी बसले होते. ते शेजारी खुर्ची ओढून बसले.

"भरलास?"

"नाही अजून."

"किती म्हणत्यात?"

मी सांगितलं. उद्यमनगरातल्या माणसाला ती रक्कम कामाच्या भाषेत समजते. तेवढ्यासाठी किती नग कातावे लागतात, हे त्यांच्या डोक्यात चाललं असणार.

"दोगांची हाय न्हवं?"

"दोघांचीच आहे."

"मग दाब की. कशाची वाट बघालीस?"

मी दाबलं. पैसे गेल्याचा मेसेज आला. मला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद आहे ना ते बघितलं, परत आले, मेसेज पुन्हा वाचला. पैसे वाया गेले तर बरंच म्हणायचं, आणि वाया गेले तर खुपणारच. दोन्ही एकदम. पुढच्या दिवाळीला ते पुन्हा विचारतील आणि मी पुन्हा अशीच आत-बाहेर करत असेन, हे मला तेव्हाच दिसत होतं.

"बस की आता गप," ते म्हणाले.

"बसते."

"बसतीस कुठली. चल, रंकाळ्यावर जाऊन येऊ. डॉक्टरनं चालाय सांगितलंय."

आम्ही गेलो. संध्याकाळ व्हायला वेळ होता. पाण्याच्या कडेनं गर्दी नव्हती. ते नेहमीसारखे झपाझप पुढं गेले, मग लक्षात येऊन थांबले, मागं वळले आणि मी जवळ येईपर्यंत उभे राहिले. पुन्हा चालायला लागलो, पुन्हा ते पुढं गेले, पुन्हा थांबले.

"दम लागलाय का?"

"नाही."

"खरं सांग."

"थोडा लागलाय," मी म्हणाले. मग आम्ही कठड्यावर टेकलो.